कोतवाल काहून पडला

पांढरकवड्याच्या त्या घरातली लाइट सकाळी सकाळी जायची ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या वेळच्या ऑफिसातल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या घरमालकांना तर नाहीच. पाणी तापवायची एक रॉड होती माझ्याकडे, आठवडी बाजारातून आणलेली. ती मी खोलीत चोरून वापरायचो. एवढीशीच गोष्ट. एवढीशी होती म्हणूनच सांगायची राहत गेली. मोठं काही केलं असतं तर कदाचित कधीच बोलून मोकळा झालो असतो.

घरमालकांना सारं गाव वायरमन काका म्हणायचं. ते मला ‘बाबू’ म्हणायचे, कारण मी एका सरकारी ऑफिसात कारकून होतो, नवा नवा लागलेला, सव्वीस वर्षांचा. काकांची उमर कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमनकी करण्यात गेली होती. कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. कॅमेरेवाल्यांच्या गाड्या हायवेवरून खेड्यांकडे वळायच्या आणि संध्याकाळी धूळ घेऊन परत यायच्या. काकांचं जिन बंद पडलं तेव्हा तिथल्या वर्कशॉपमधली धातू कातायची एक लहानशी लेथ त्यांनी बैलगाडीत घालून घरी आणली आणि मागच्या पडवीत बसवली. “जिन मेलं बाबू,” ते म्हणायचे, “पण त्याचा एक हात मी घेऊन आलो.”

काका बौद्ध होते, रविवारी न चुकता विहारात जायचे. खोली मिळाली तेव्हा मी यवतमाळला घरी फोन केला. आईनं घरमालकांचं आडनाव विचारलं. मी म्हणालो, “लाइन बरोबर नाही, ऐकू येत नाही.” हेही कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला बसलोच आहे, तर तेही सांगून टाकतो.

काका किडकिडीत होते. अंगात पांढरी बंडी, खाली खाकी पँट. एका कानामागे टेस्टर, दुसऱ्या कानामागे खडू. पायात रबरी चपला, पण एक निळी आणि एक हिरवी. कुणी हसलं की म्हणायचे, “रबर सारखंच हाये ना? करंटले रंग नाही दिसत.” कुठलाही बोर्ड उघडण्याआधी ते त्यावर बोटानं टकटक करायचे, एखाद्याच्या दारावर करावी तशी, आणि थोडं थांबायचे. मला वाटायचं, काहीतरी श्रद्धा असेल. एकदा विचारलंच. म्हणाले, “आतमंदी पाल असते. तिले निघाले टाइम द्यावा लागते.”

‘लाइट गेली’ हे वाक्य त्यांना चालायचं नाही. काकूंनी स्वयंपाकघरातून “लाइट गेली वो” म्हटलं की हे पडवीतून ओरडणार, “कुठं गेली ते सांग! घरातून गेली, का गल्लीतून गेली, का गावातून गेली?” काकूही कमी नव्हत्या. त्या म्हणायच्या, “माहेरी गेली.”

विहारातला भोंगा आणि पलीकडच्या मंदिरातला भोंगा, दोन्ही काकांच्याच हातचे. दोन्हीकडचे लोक त्यांना मानायचे. ते मला हळूच म्हणाले होते, “दोघायचाही आवाज मी आतून थोडा कमीच करून ठेवला. कोणाच्याच ध्यानात नाही आलं.”

त्यांची फॉल्ट शोधायची रीत पाहायला मला आवडायचं. गल्लीच्या तोंडाशी एक सुतार होता. त्यानं घरातच रंधा मारायची मशीन घेतली होती आणि ती पाच मिनिटं चालली की फ्यूज उडायचा. त्यानं फ्यूजमध्ये एकाच्या जागी चार तारा पिळून घातल्या. मग फ्यूज उडायचा बंद झाला आणि भिंतीतून वास यायला लागला. काकांना बोलावलं. काकांनी आधी त्या चार तारा उपटून फेकल्या, एक बारीक तार लावली आणि स्टुलावर बसून राहिले. चहा आला, प्यायले, आणि बसूनच.

“काय पाहून राह्यले जी काका?” सुतार वैतागला.

“तुह्या मशीनचं तोंड पाहून राह्यलो. चालव.”

मशीन घरघरली, दमली, फ्यूज उडाला. काका उठले. मशीनपाशी गेलेच नाहीत. कोपऱ्यात वायरीचं एक वेटोळं पडलं होतं, त्याला उलट्या हातानं शिवले.

“ही कायची वायर?”

“लग्नातल्या लाइटिंगची हाये जी.”

“अन् अशी गुंडाळून काहून ठेवली?”

“पायात येते ना.”

“लेका, इतकी बारीक वायर, अन् वरून गुंडाळलेली. हे म्हंजे शेगडी झाली. तू मशीन नाही चालवून राह्यला, तू इथं चहा मांडून राह्यला. मशीनले पुरा करंट भेटत नाही, ते जोर लावते, अन् बिचारा फ्यूज मरते.”

जाड वायर सरळ अंथरली, मशीन दिवसभर चालली. परत येताना मी म्हटलं, “काका, तुम्हाला आल्या आल्याच कळलं असेल.”

“दिसलं व्हतं,” ते म्हणाले. “पण दिसलं म्हणून धरायचं नसते बाबू. तारेले मी दोनदा विचारतो.” मग दोन पावलं चालून म्हणाले, “माणसाले मात्र एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचा अपमान होते.”

हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं ऐकलं.

लेथवर काका बरंच काही करायचे, पण पावसाळ्यात एकच काम असायचं: फवारणीचे पंप. कपाशीवर औषध मारायचे पाठीवरचे पंप. त्या वर्षांत नवा पंप घेणारे थोडे होते. जुने, गळके, दोरीनं बांधलेले पंप घेऊन लोक केळापूर, झरीकडून यायचे. पंप गळला की औषध पाठीवरून खाली उतरतं, बंडी भिजते, आणि माणूस दिवसभर त्याच बंडीत राहतो. काका लेथवर दांड्याच्या भोकात बसणारे पितळेचे बुश कातायचे, व्हॉल्व्हची बैठक साफ करायचे, नवे वायसर बसवायचे. आणि पंप तयार झाला की स्वतःच त्यात साधं पाणी भरून, धुतलेली पांढरी बंडी घालून, पंप पाठीवर चढवून अंगणात दहा फेऱ्या मारायचे. पपईच्या झाडांवर फवारा मारत, हातानं दांडा हलवत, गंभीर चेहऱ्यानं. दहा फेऱ्या झाल्या की पंप उतरवून काकूंकडे पाठ करायचे.

“अवं, पाह्य बरं.”

“कोरडी हाये.”

“हात लावून पाह्य. डोळ्यानं नको सांगू.”

“कोरडी हाये म्हणते ना! पपया सडल्या तुमच्या पाण्यानं.”

काकूंच्या हाताला पाठ जराही ओली लागली तर पंप परत लेथवर. न्यायला आलेला माणूस ओट्यावर बसून असायचा, काका त्याला म्हणायचे, “थांब गा. माही पाठ भिजली त्याचं काही नाही. माह्यात पाणी हाये, तुह्यात औषध राहीन.”

घराच्या मेन बोर्डावर काकांनी एक वस्तू बसवली होती. काकूंना मिक्सरचा झटका बसला, त्या वर्षी त्यांनी ती नागपूरहून आणली. करंट आपली वाट सोडून कुठंही जमिनीत जायला लागला, भिंतीतून, मोटारीतून, माणसाच्या अंगातून, की तिचा खटका आपोआप पडायचा आणि सगळं घर बंद. काका तिला ‘कोतवाल’ म्हणायचे. “पुऱ्या घरात जागा माणूस एकच,” ते कोतवालाकडे बोट करून सांगायचे.

खोली देताना त्यांची अट एकच होती. खोलीत शेगडी नाही, रॉड नाही. “पाणी बंबात तापते. पाचले मी पेटवतो. या अन् घ्या.” पाचला! मी आठला उठायचो. तोवर बंब निवलेला असायचा. पावसाळा लागला, थंड पाणी नको वाटायला लागलं, आणि मी रॉड आणली.

लोडशेडिंगचे दिवस होते. सकाळी दहाला जी लाइट जायची ती दुपार कलल्यावर यायची. त्यामुळे लेथ चालायची आठ ते दहा. माझी आंघोळही त्याच वेळात. रॉडला कुठंतरी बारीक तडा असावा, कारण पाण्यात बोट घातलं की मुंग्या यायच्या. लोखंडी बादली, ओली मोरी. करंट थोडा थोडा जमिनीत जायचा. तेवढ्यानं कोतवाल पडायचा नाही. लेथच्या जुन्या मोटारीतूनही थोडा जायचा, तेवढ्यानंही नाही. दोन्ही एकदम चालू असल्या की पडायचा. हे मला आज नीट समजतं. तेव्हा एवढंच कळलं होतं की माझी रॉड आणि काकांची लेथ यांचं जमत नाही. लाइट गेली की मी रॉड काढून पलंगाखाली ढकलायचो आणि ओल्या अंगानं दारात येऊन विचारायचो, “काय झालं काका?”

“कोतवाल पडला. काहून पडला ते पाहून राह्यलो.”

आणि पाहत असताना तो पडायचाच नाही, कारण रॉड पलंगाखाली असायची.

काकांनी हा फॉल्ट एखादा पाहुणा आल्यासारखा घेतला. पहिल्या आठवड्यात तर खूश होते. पडवीच्या दाराच्या आतल्या बाजूनं ते खडूनं फॉल्ट लिहायचे: काय झालं, कधी झालं, आणि शेवटी कारण. तिथं रोज एक ओळ वाढायला लागली, कारणाची जागा कोरी. काकूंचा मिक्सर एका दिवसासाठी कपाटात गेला. मग पंखा बंद. मग देवळीतला झिरोचा बल्ब. काकू म्हणाल्या, “आता मलेच बंद करा एक दिवस.” काकांनी पडवीची सगळी वायर बदलली. मोटार उघडून तीन दिवस उन्हात ठेवली, ऊन नव्हतं तेव्हा चुलीजवळ ठेवली. एका ओळखीच्या जिनातून इन्सुलेशन तपासायचं मेगर मागून आणलं, हँडल फिरवून काटा पाहिला आणि स्टुलावर बसले.

“मेगर म्हणते मोटार चांगली हाये,” ते मला म्हणाले. “कोतवाल म्हणते खराब हाये. दोघायतलं एक खोटं बोलून राह्यलं. नाही तं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत. भाडेकरूच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. “असं पाहा बाबू. कोतवालाजवळ एक वाटी असते असं समजा. घरातून जितका करंट गळते, तो थेंब थेंब तिच्यात पडते. वाटी भरली की कोतवाल पडला. लेथचे थेंब मी मोजले. मिक्सरचे नाहीत, पंख्याचे नाहीत. तरी वाटी भरून राह्यली. म्हंजे अजून कोणाचे तरी थेंब हायेत.” मग थोडे अवघडले. “तुमच्याकडं काही लावलेलं असते का, जी?”

उत्तर त्यांच्या हातात आलं होतं. फक्त माझ्या ‘हो’ची गरज होती. हो म्हटलं असतं तर ते हसले असते, मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि दारावर कारण लिहून मोकळे झाले असते. खोली सोडायलाही सांगितलं नसतं. हे मला त्या क्षणीसुद्धा माहीत होतं.

मी म्हणालो, “नाही काका. फक्त बल्ब.”

“मंग झालं,” ते म्हणाले.

खरंच झालं त्यांच्यासाठी. घरातली प्रत्येक लाइन त्यांनी आळीपाळीनं बंद करून पाहिली होती. माझ्या खोलीची तेवढी पाहिली नाही. मेनपाशी जाऊन एक फ्यूज ओढायचा होता. काकूंनी सुचवलंसुद्धा. मी मोरीत होतो, मधली भिंत पातळ, ऐकू आलं.

“शनिवार-रविवार नाही पडत तो,” काकू म्हणत होत्या. “बाबू घरी गेलते तवा पडला का एकडाव तरी?”

“त्यायले विचारलं मी.”

“विचारलं, पण पाह्यलं का?”

“बाबूनं सांगतलं ना, नाही म्हणून? मंग झालं. तू कायले मधात बोलून राह्यली?”

काका बायकोवर आवाज चढवताना मी तेवढा एकदाच ऐकला. मी बादलीतून रॉड काढली, गार पाण्यानं आंघोळ केली. चार दिवस गार पाण्यानंच केली. पाचव्या दिवशी पाऊस जोरात होता.

त्यानंतर काका फॉल्ट शोधायचे कमी झाले आणि स्वतःकडे पाहायला लागले. हात पुढे धरून बोटं कापतात का पाहायचे. चष्म्याचा नंबर काढून आले. एकदा काकूंना म्हणाले, “तीस वर्षं मले कोणता फॉल्ट नाही सापडला, सांग बरं?” एका सकाळी कोतवाल पडला आणि पडवीतून काही आवाजच आला नाही. मी जाऊन पाहिलं. त्यांनी दारावरच्या सगळ्या कोऱ्या जागांपुढं मिळून एकच कंस काढला होता आणि लिहिलं होतं: ‘कारण – म्हातारा.’ लेथवर गोणपाट टाकलं होतं.

“मशीन चांगली हाये,” मला म्हणाले. “हात गेला माह्या. ज्याले आपल्या घरातला फॉल्ट नाही सापडत, त्यानं दुसऱ्याच्या पाठीवर पंप देऊ नये.”

लेथ बंद झाली आणि कोतवाल पडायचा थांबला. काकांना पुरावाच मिळाला. मला रोज गरम पाणी मिळालं, काही अडथळा न येता, पूर्ण भाद्रपद.

त्याच महिन्यात मारोतराव आले. झरी जामणीकडच्या एका पोडावरचे, आदिवासी वस्तीवरचे, कोलाम, दरसाल दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जायचे. काकांकडे चौथ्या की पाचव्या वर्षी येत होते. पंप खाली ठेवून ओट्यावर बसले.

“बुशातून गळून राह्यला काका. पाठ भिजते.”

“आता नाही करत मी,” काका म्हणाले. “वणीले दाखव.”

“वणीले कोण जाते जी? उद्या कामावर जायचं हाये. तुमीच पाहा ना थोडं.”

“पाहून काय करू? हात नाही राह्यला.” काकांनी जुना वायसर काढून नवा बसवून दिला, दोरा गुंडाळून दिला. बुश कातायला लेथ लागली असती. अंगणातल्या फेऱ्या त्यांनी मारल्या नाहीत. मारोतराव निघाले तेव्हा काका तीनदा म्हणाले, “पाठीवर पोतं बांध. प्लास्टिकचं बांध. भिजलं की उतरवून ठेव, आंघोळ कर.” मी ऑफिसला निघालो होतो. केस ओले होते माझे.

पाच-सहा दिवसांनी निरोप आला. मारोतराव शेतातच पडले होते, ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला घाम. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं. काका रोज सकाळच्या एसटीनं यवतमाळला जायचे आणि संध्याकाळी यायचे. शनिवारी मी घरी चाललो होतो, तर त्यांच्याबरोबरच निघालो. एसटीत त्यांनी हातातली केळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली.

मारोतराव तोवर उठून बसले होते. धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेला धरायला गेले की हात थरथरायचा, पाणी चादरीवर सांडायचं. काका कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“माह्या हातानं दगा देल्ला, मारोतराव. म्हणून तुले हे झालं. माफ कर गा मले.”

“नाही जी काका,” मारोतराव घाबरून म्हणाले. “असं काहून बोलता? पंपच जुना व्हता.”

“पंपाचं नाही. माह्यंच.”

मी केळ्यांची पिशवी धरून उभा होतो. दोघांमध्ये हातभर अंतर असेल आणि मी त्या अंतराच्या कडेला. मी म्हणालो, “काका, चहा आणतो,” आणि खाली गेलो.

मारोतराव बरे झाले. हाताचा कंप बरेच दिवस राहिला, फवारणी सुटली. काकांनी हिवाळ्यात लेथ वणीकडच्या कुणाला तरी देऊन टाकली. ती गाडीवर चढवताना ते घरात बसून होते. उन्हाळ्यात माझी बदली झाली. माझी पत्र्याची ट्रंक काकांनी स्वतः खांद्यावर घेतली, मी नको नको म्हणत असताना, आणि बसस्टँडपर्यंत आणली. रॉड त्या ट्रंकेत होती. एसटी लागली तेव्हा ते म्हणाले, “एका गोष्टीचं वाईट वाटते बाबू. तुमी होते त्या साली घरातली लाइट लय गेली. तुमाले तरास झाला. मले काही ते जमलं नाही.”

“नाही काका, काही त्रास नाही,” मी म्हणालो.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. कळलं तेव्हा मी नाशिकला होतो. रजा मिळाली असती, मी मागितली नाही. काकू राजूरला लेकीकडे असतात. मारोतराव पोडावरच आहेत, नातवंडांत. दोन्ही पत्ते माझ्याकडे आहेत. यवतमाळहून जाऊन एका दिवसात परत येता येतं, आणि यवतमाळला मी वर्षातून तीनदा तरी जातो.

काकांचा हात शेवटपर्यंत चांगला होता आणि तुम्हाला माझा आलेला संशय खरा होता, हे राजूरला जाऊन काकूंना सांगणं माझ्याकडून बाकी आहे. त्या दिवशी दवाखान्यात काकांनी मागितलेली माफी मी मागायची होती, हे मारोतरावांना त्यांच्यासमोर बसून सांगणंही बाकी आहे.